स्का बँडची गायिका, एक गिटार आणि मोकळी मात्रा

प्रश्न थोडक्यात परत लिहितो म्हणजे बाकीच्यांनाही संदर्भ लागेल. पुण्यातला सात जणांचा स्का (जमैकातलं नाचाचं संगीत) वाजवणारा बँड, तू त्यात गातेस, ट्रॉम्बोनवाला नोकरीसाठी बंगळुरूला गेला, ड्रमर परदेशात, राहिलेल्यांना वेळ जमत नाही. हातात चौदा मराठी गाणी आहेत आणि आता तुला एकटीने अकूस्टिक अल्बम करायचाय. विचारलंयस की दादा, हॉर्न्स (ट्रंपेट, ट्रॉम्बोन, सॅक्स ही फुंकून वाजवायची वाद्यं) आणि ड्रम्स काढल्यावर या गाण्यांत उरतं काय, जुनी गाणी घ्यावीत की सगळी नवी करावीत, आणि घरी रेकॉर्ड केलं तर चालेल का.

मी पुण्यात बावीस वर्षं गिटार वाजवतोय आणि रेकॉर्डिंग करतोय, त्यातली सहा वर्षं हॉर्न सेक्शन असलेल्या बँडमध्ये रिदम गिटारवर होतो, त्यामुळे हा विषय माझ्या फार जवळचा आहे, उत्तर लांबणार आहे, चहा घेऊन बस.

आधी एक गोष्ट. बँड थांबला म्हणून गाणी संपली असं तुझ्या लिहिण्यात जाणवलं, तसं अजिबात नाहीये, आणि हे मी धीर द्यायला म्हणत नाहीये, या संगीताच्या इतिहासातच ते घडून गेलंय. स्का जमैकात, किंग्स्टनमध्ये पन्नासच्या दशकाच्या शेवटी सुरू झालं. १९६४ मध्ये स्काटलाइट्स नावाचा मोठा हॉर्नवाला बँड उभा राहिला आणि १९६५ मध्ये मोडलासुद्धा. त्यानंतर वर्षभरातच तिथलं संगीत हळू झालं, हॉर्न्स मागे गेले, बेस आणि गाणाऱ्यांचे आवाज पुढे आले आणि त्याला रॉकस्टेडी म्हणायला लागले. म्हणजे मोठा ताफा पांगला की लय उतरते आणि आवाज पुढे येतो, हे साठ वर्षांपूर्वी एकदा झालेलं आहे आणि त्यातून अतिशय सुंदर गाणी निघाली. तू जे करायला निघालीयेस ते या संगीताला नवीन नाही.

बॉब मार्लीचंच बघ. १९६४ मध्ये त्याच्या वेलर्स या गटाचं सिमर डाउन आलं ते पक्कं स्का, मागे स्काटलाइट्सचेच वादक. आणि १९८० च्या अपरायझिंग अल्बमचं शेवटचं गाणं रिडेम्प्शन साँग, त्यात फक्त एक अकूस्टिक गिटार आणि गळा, स्कँक, म्हणजे उलट्या मात्रेवरचा गिटारचा तो छोटा तुटक झटका, अजिबात नाही. दुसऱ्या बाजूला ख्रिस मरे, कॅनडातल्या किंग ॲपरेटस या स्का बँडचा गायक, त्याने बँडनंतर चार ट्रॅकच्या कॅसेट रेकॉर्डरवर अल्बम केला, द ४-ट्रॅक ॲडव्हेंचर्स ऑफ व्हेनिस शोअरलाइन ख्रिस, १९९६ ला आला, आणि त्याने स्कँक सोडला नाही, उलट त्यावरच सगळं उभं केलं. हे दोन रस्ते आहेत आणि तुला प्रत्येक गाण्यासाठी यातला एक निवडायचाय. अख्खा अल्बम एकाच रस्त्याने नेलास तर तिसऱ्या गाण्यापाशी ऐकणाऱ्याचा कान थकेल.

आता मुख्य मुद्दा, उरतं काय. माझं ठाम मत आहे की स्काचा जीव मोकळ्या मात्रेत आहे. हॉर्न्स म्हणजे दागिने, फार सुंदर दागिने, पण दागिनेच. तुला केरवा माहितीच असेल, धा गे ना ती ना क धी ना, आठ मात्रा. स्काचा गिटार कुठे पडतो तर गे, ती, क आणि शेवटचा ना यांवर. धा, ना, ना, धी या जागा गिटार मोकळ्या सोडतो आणि तिथे बेस चालत असतो, ड्रम्स असतात, म्हणून ऐकणाऱ्याला सम कुठे आहे ते कळतं आणि मग उलट्या मात्रेवरचा तो छोटा झटका गोड लागतो. आता तू बेस आणि ड्रम्स काढलेस आणि गिटारवर नुसता स्कँक ठेवलास तर काय होईल, ऐकणाऱ्याला तोच झटका सरळ मात्रेवर पडतोय असं वाटायला लागेल, दहा सेकंदांत त्याचा कान उलटा होईल आणि मग तुझं गाणं मात्र भलतीकडे सुरू झाल्यासारखं वाटेल. मी असे किमान पाच-सहा डेमो ऐकलेत. गाणारे उत्तम, गिटार स्वच्छ, आणि तरीही काहीतरी चुकतंय असं वाटत राहतं, चुकतंय ते इतकंच की समेला कोणी धरलेलं नाही.

उपाय आपल्याकडे आहे. एकतारी भजन म्हणणारा बुवा डोळ्यासमोर आण, एका हातात एकतारी, दुसऱ्या हातात चिपळ्या, माणूस एकच आणि सूर, सम, आघात सगळं तोच सांभाळतो. तुझा उजव्या हाताचा अंगठा म्हणजे एकतारी, तो धा वर आणि मधल्या ना वर, म्हणजे पहिल्या आणि पाचव्या मात्रेवर, मोकळी जाड तार छेडेल, आणि तुझी बोटं म्हणजे चिपळ्या, ती वरच्या तीन बारीक तारा खालून वर ओढतील, छोटा आवाज, लगेच बंद. धा, ना, ना, धी या चारही मात्रांवर अंगठा मारू नकोस, मग ती पोलका या युरोपी नाचाची चाल होते आणि मोकळी जागा भरून जाते. दोनच पुरेत, काही ओळींत एकच.

इथे एक अडचण येते ती आधीच सांगतो. इलेक्ट्रिक गिटारवर स्कँक बंद करायला डाव्या हाताची बोटं जराशी सैल केली की आवाज थांबतो, कारण तिथे बार कॉर्ड असतात, म्हणजे सगळ्या तारा बोटांनी दाबलेल्या. अकूस्टिकवर लोक ओपन कॉर्ड धरतात, म्हणजे काही तारा न दाबता मोकळ्या, आणि मोकळ्या तारा बोटं सैल करून बंद होत नाहीत, घणघणत राहतात, मोकळी मात्रा मोकळी राहतच नाही. म्हणून वरच्या तीन तारांवरचे तीन सुरांचे छोटे शेप शिकून घे, पाचव्या ते नवव्या फ्रेटच्या आसपास, ते धरायचे आणि सोडायचे, आणि खाली अंगठ्याला मोकळी जाड तार. मोकळ्या जाड तारा तीन, ई, ए आणि डी. म्हणून ए ची पट्टी घे, मेजर असो की मायनर, तुझे तीन मुख्य कॉर्ड ए, डी आणि ई हेच असतात आणि तिघांचाही बेस मोकळ्या तारेवर मिळतो, डावा हात पूर्ण सुटा राहतो. मला हे कळायला तीन-चार वर्षं लागली होती, कोणी आधी सांगितलं असतं तर माझे बरेच सांधे वाचले असते.

पट्टीचा विषय निघालाच आहे तर तिथे थोडं थांबतो कारण तुझ्या अल्बमचा निम्मा निकाल इथे लागणार आहे. तुमची गाणी बहुतेक बी फ्लॅट, ई फ्लॅट, एफ अशा पट्ट्यांत असणार, म्हणजे पेटीवर काळी पाच, काळी दोन, पांढरी चार. का, तर ट्रंपेट आणि टेनर सॅक्स बी फ्लॅटचे, अल्टो सॅक्स ई फ्लॅटचा, ट्रॉम्बोनलाही या पट्ट्या सोप्या. म्हणजे आजवर तू हॉर्नवाल्यांच्या सोयीच्या पट्टीत गात आलीयेस, वर त्यांच्या आवाजावर चढून गायची सवय, मॉनिटर (स्टेजवर स्वतःचा आवाज ऐकायचा स्पीकर) कधीच पुरेसा नाही, त्यामुळे गळा कायम ताणलेला. आता समोर कोणी नाही. प्रत्येक गाणं सकाळी चहानंतर, गिटार न घेता, बोलल्यासारखं गुणगुण आणि नैसर्गिक सूर कुठे लागतो ते पेटीवर किंवा फोनच्या ॲपवर बघ. माझ्या अनुभवात बँडच्या पट्टीपेक्षा दीड ते अडीच सूर खाली येतं. मग गिटार तिथे आण. ए चे शेप ठेवून पहिल्या फ्रेटवर कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावलास की काळी पाच, कॅपो काढला की पांढरी सहा, आणि सगळ्या तारा एक सूर उतरवल्या की पांढरी पाच. तारा उतरवणार असशील तर १२ च्या सेटऐवजी १३ चा जाड सेट टाक, नाहीतर तारा ढिल्या पडून फ्रेटवर खरखरतात.

लय. मिनिटाला १६० बीट्सच्या आसपास असलेलं गाणं अकूस्टिकवर १६० लाच वाजवू नकोस. आणि निम्मं करून ८० ला आणून दुःखी पण करू नकोस, हल्ली अनप्लग्ड म्हटलं की प्रत्येक गाणं रडकं करायची जी पद्धत पडलीये तिच्यावर माझा खरंच राग आहे, स्का हे नाचाचं संगीत आहे, पायाला ते कळलं पाहिजे. ९० ते १०५ मध्ये कुठेतरी जागा सापडते, तीच रॉकस्टेडीची चाल. तालमालेवर किंवा तबल्याच्या ॲपवर १९२ ला केरवा लाव, तिथे मात्रा मोजतात आणि आपल्या एका बीटमध्ये केरव्याच्या दोन मात्रा येतात, म्हणजे ९६ बीट्स, आणि आठवडाभर नुसतं गे, ती, क, ना वर टाळी देत गा, पाय धा वर. गिटार नंतर.

लय उतरली की मराठीला फार मोठा फायदा होतो. आपली भाषा लघु-गुरूवर चालते. १६० च्या लयीत दीर्घ अक्षर धरायला वेळच नसतो, 'पाऊस' चा पाऊ दाबला जातो, 'आठवण' ची नुसती 'आठण' होते, आणि बँडच्या गोंगाटात ते खपून जातं. ९६ ला प्रत्येक दीर्घ अक्षराला त्याची हक्काची जागा मिळते. पण त्याच वेळी भरतीचे शब्दही उघडे पडतात. तुझ्या चौदा गाण्यांचे कागद काढ आणि चाल विसरून मोठ्याने वाच, एखाद्या मैत्रिणीला सांगितल्यासारखं. जिथे वाचताना लाज वाटेल, जिथे फक्त मात्रा भरायला 'रे' किंवा 'गं' किंवा तीच ओळ चार वेळा आलीये, तिथे एकतर शब्द बदल नाहीतर ते गाणं बँडसाठी राहू दे. माझा अंदाज आहे की चौदातली पाच-सहा टिकतील. त्यांच्यासोबत तीन-चार नवी लिही, जी पहिल्यापासून एकट्या गळ्यासाठीच असतील. सगळी जुनी घेतलीस तर लोक मनातल्या मनात हॉर्न्स ऐकत बसतील, आणि सगळी नवी केलीस तर ज्यांनी तुम्हाला इतकी वर्षं ऐकलं त्यांच्या हाताला धरायला काही राहणार नाही.

हॉर्न्सच्या जागांचं काय. एक हिशोब करून बघ. सुरुवातीचं म्युझिक आठ बार, दोन अंतऱ्यांमधली आठ-आठ, आणि ट्रॉम्बोनचा सोलो सोळा, झाले चाळीस बार, एका बारला चार बीट्स धरून १६० बीट्स. १६० च्या लयीत हा बरोबर एक मिनिट होतो. ९६ ला तोच भाग एक मिनिट चाळीस सेकंद. एवढा वेळ नुसती गिटार ऐकणार कोण? त्यामुळे आठचे दोन कर, सोलो काढ, गाणं सरळ दोन-सव्वादोन मिनिटांवर येऊ दे. छोटं गाणं कमी दर्जाचं नसतं. आणि हॉर्नची ओळ तोंडाने पँ पँ करून गायचा मोह होईल, स्टेजवर प्रेक्षकांना घेऊन ते छान वाटतं पण रेकॉर्डिंगमध्ये चौथ्यांदा ऐकताना नको होतं. त्यापेक्षा ती ओळ एकदाच, अगदी शेवटी, ओठ मिटून गुणगुण. पुण्यातल्या माणसाच्या कानात ट्रंपेट, क्लॅरिनेट लहानपणापासून आहेत, लक्ष्मी रोडवरच्या मिरवणुकीतला ब्रास बँड कोणी ऐकला नाही? थोडं सुचवलंस तरी बाकीचं तो स्वतः ऐकेल.

आता घरी रेकॉर्डिंग. चालेल, मी तर म्हणेन घरीच कर, फक्त वेळ आणि ऋतू बघून. पावसाळ्यात लाकूड पाणी पितं, गिटारचं पोट फुगतं, तारा फ्रेटबोर्डपासून वर जातात, सूर लागत नाही, केसमध्ये सिलिका जेलच्या पुड्या टाकल्या तरी फरक थोडाच पडतो. एप्रिल-मेच्या कोरड्या हवेत उलटं, लाकूड आकसतं, तिथे साबणाच्या डबीला भोकं पाडून ओला स्पंज केसमध्ये ठेवावा लागतो. शिवाय गणपतीच्या महिना-दीड महिना आधी नदीकाठी ढोलपथकांचा सराव सुरू होतो, मला तो आवाज मनापासून आवडतो पण तो खिडकी बंद करून थांबत नाही, जमिनीतून येतो. दिवाळीनंतर ते फेब्रुवारीपर्यंत हा आपला काळ. रात्री साडेबारा ते साडेचार, नंतर पेठेत राहत असशील तर काकड आरतीची घंटा येते.

आतली खोली निवड, रस्त्याकडची नको. पंखा बंद, फ्रिज बंद, आणि गाडीची किल्ली फ्रिजमध्ये ठेव म्हणजे सकाळी निघताना फ्रिज परत चालू करायची आठवण राहते. कपड्यांनी भरलेलं कपाट उघडं टाक, समोर आणि पाठीमागे गोधड्या लटकव, गाद्या उभ्या कर, पण खोली पूर्ण मेल्यासारखी करू नकोस, फरशी थोडी मोकळी असू दे, अकूस्टिक गिटारला थोडा परतलेला आवाज लागतो. केबल्स तपकीर गल्लीतून घे, पण घरी येऊन प्रत्येक केबल हलवून बघ, करकरली की लगेच बदलून आण.

गिटार आणि गळा एकत्रच रेकॉर्ड कर. हे मी फार महागात शिकलोय. माझ्या पहिल्या अशा कामात आम्ही आधी क्लिकवर (हेडफोनमधल्या टिकटिक ठोक्यावर) गिटार घेतली, मग त्यावर आवाज, सगळं स्वच्छ, सगळं मोजून मापून, आणि ऐकायला बसलो तर दोन अनोळखी माणसं शेजारी उभी केल्यासारखं वाटत होतं. नऊ गाणी पूर्ण झाली होती. गायकाने ऐकून फक्त एवढंच विचारलं की मी गाताना गिटार माझ्यासाठी थांबत का नाही, आणि आम्ही सगळं टाकून पुन्हा केलं. स्कँकमध्ये मोकळी मात्रा गळ्याच्या श्वासाप्रमाणे केसभर लांबते-आखडते, ते क्लिकवर होत नाही. क्लिक फक्त सुरुवातीला चार बार ऐक, लय डोक्यात बसव आणि बंद कर.

एकत्र घेताना अडचण अशी की गळा गिटारच्या माइकमध्ये शिरतो आणि गिटार गळ्याच्या. आठच्या आकड्याच्या पॅटर्नचे दोन माइक मिळाले तर घे, त्यांच्या दोन्ही बाजूंना आवाज जवळजवळ ऐकूच येत नाही, ती बहिरी बाजू एकाची गळ्याकडे आणि दुसऱ्याची गिटारकडे कर. नसतील तर साधे, फक्त समोरून ऐकणारे कार्डिऑइड चालतील, गिटारचा कंडेन्सर माइक बाराव्या फ्रेटपासून साधारण वीस-पंचवीस सेंटिमीटरवर, भोकाच्या समोर अजिबात नको, तिथे घुमतं. गळ्याचा माइक तोंडाच्या थोडा वर आणि जरा बाजूला, कारण मराठीत भ, फ, ध, घ सारखे भरपूर आहेत आणि त्यांची हवा सरळ माइकवर आदळते. २४ बिट, ४८ किलोहर्ट्झ, सगळ्यात मोठा आवाज उणे १० डेसिबलच्या आसपास राहील इतकंच गेन. कॉम्प्रेशन रेकॉर्ड करताना नको.

तारा नव्याकोऱ्या नकोत. ओपन कॉर्डच्या गाण्यांना दोन-तीन दिवस वाजवलेल्या, आणि स्कँकच्या गाण्यांना तर महिनाभर जुन्या, जरा मेलेल्या तारा उत्तम, झटका कसा ठक्क वाजून थांबतो. तरी घणघणलं तर ब्रिजजवळ तारांखाली फोमचा पातळ तुकडा सरकव. एका रात्री दोन गाणी, एका गाण्याचे जास्तीत जास्त चार टेक. पाचव्यापासून आपण गात नसतो, चुका टाळत असतो.

मिक्समध्ये सांगण्यासारखं कमी आहे. रिव्हर्ब (खोलीसारखा घुमणारा आवाज) थोडा, कारण लांब रिव्हर्बची शेपूट मोकळी मात्रा भरून टाकते, आणि आपण इतका वेळ जी जागा राखली ती तिथे जाते. मास्टर उणे १४ लफ्सच्या (LUFS, एकूण आवाजाची पातळी मोजायचं माप) आसपास ठेव, स्पॉटिफाय तिथेच आणतं, जास्त मोठं करून हाती काही लागत नाही.

जुन्या गाण्यांचं श्रेय मात्र आत्ता, रेकॉर्डिंगच्या आधी, लेखी ठरव. आपल्या कॉपीराइट कायद्यात शब्द लिहिणारा आणि चाल करणारा यांचे वेगवेगळे हक्क आहेत आणि २०१२ च्या दुरुस्तीनंतर रॉयल्टीतला त्यांचा वाटा त्यांच्याकडून सहज काढून घेता येत नाही. शब्द तुझे असतील, पण चाल तालमीच्या खोलीत तिघांनी मिळून बांधली असेल तर ती तिघांची. सगळ्यांना एक मेल, गाण्यांची यादी, कोणाचं काय, आणि प्रत्येकाचं 'मंजूर' असं उत्तर. बँडमधली मैत्री टिकवायची असेल तर हे अवघडलेपण आत्ताच पार कर, गाणं चाललं की मग बोलणं आणखी अवघड होतं.

आणि त्या ट्रॉम्बोनवाल्याबद्दल तू शेवटी विचारलंयस की त्याला एका तरी गाण्यात घेऊ का. घे. पण एकाच, आणि शेवटच्याच गाण्यात, तेही दुसऱ्या अंतऱ्यानंतर. त्याला आधी नुसता तुझा तयार झालेला टेक पाठव, नोटेशन वगैरे काही नको, त्याला म्हणावं दोनदा ऐक आणि मग फुंक, हळू, म्यूट लावून, खोलीच्या कोपऱ्याकडे तोंड करून. टेकच्या सुरुवातीला, गिटार सुरू व्हायच्या आधी, तू सारख्या अंतराने चार टाळ्या वाजवून ठेव. त्याने तुझा टेक हेडफोनवर लावायचा, पहिल्या तीन टाळ्यांवरून अंतर धरायचं आणि चौथीबरोबर आपलीही एक टाळी वाजवायची. फाइल ४८ किलोहर्ट्झ वेव्ह, एमपीथ्री नको. मग इथे तुझी चौथी टाळी आणि त्याची टाळी एकमेकींवर बसवल्या की बंगळुरू आणि पुणे एका मात्रेवर येतात.